सुई पडद्यावर दिसते

९ जानेवारी १९८४

स्नान करताना तांब्या उजव्या हातातून निसटला. मानेपासून अंगठ्यापर्यंत कळ, बोटे बधिर. कै. मालतीचे वर्षश्राद्ध माघात. पुत्र नाही, म्हणून तिलांजली मलाच द्यावयाची, आणि ते पाणी उजव्याच हाताच्या अंगठा व तर्जनी यांमधून सोडावे लागते. गुरुजींना विचारले. प्रतिनिधी चालतो, म्हणाले. मला चालणार नाही.

१३ जानेवारी

मुंबईस डॉ.ना दाखविले. मणक्याने शीर, म्हणजे मज्जातंतू, दाबली आहे. शस्त्रक्रिया टाळावयाची तर मानेत इंजेक्शन. शब्द ऐकताच मी उठून उभा राहिलो. चि. सुधाने कोट धरून बसविले. मग तिनेच त्यांना सांगितले की, आईला गेल्या वर्षी कमरेच्या मणक्यांत असेच दिले होते, बोटांनी जागा चाचपून. ती टेबलावरून उठलीच नाही.

डॉ. म्हणाले, येथे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई घालतात.

क्ष-किरण मी शाळेत आयुष्यभर शिकविले. फळ्यावर त्यांत भिण्यासारखे काही नव्हते.

१८ जानेवारी

शेजारचा इंत्रू केळ्यांचा लोंगर ठेवून गेला. सुधाने त्यास सर्व सांगितलेले दिसते. म्हणाला, "मास्तर, त्यात काय? आमच्या फादरच्या प्रवचनाला बसल्यासारखं पडून राहायचं. डोळे उघडे, मान बंद."

हसलो. तो फाटकाबाहेर गेल्यावर मान हलविण्याचेही धैर्य होईना. सुई आत असताना खोकला आला तर? आरशासमोर न गिळता किती वेळ राहता येते, ते पाहिले. फार वेळ नाही.

२४ जानेवारी

झाले. म्हणजे झाले नाही. क्रमाने लिहितो.

खोली थंड. डॉ.च्या अंगावर शिशाचा जड एप्रन. मी कुशीवर, मान उशांत घट्ट बसविलेली. पडदा मला दिसत नव्हता. त्याचा निळसर उजेड तेवढा भिंतीवर. सुई शिरताना मालतीचा...

सुई जागेवर आहे, असे डॉ. म्हणाले. आता थोडा डाय घालून पाहतो. तो क्ष-किरणांत दिसतो. शिरेभोवती रेघेसारखा थांबला, म्हणजे खरे औषध द्यावयाचे.

मग डाय घातला. पुन्हा थोडा घातला असावा. नंतर डॉ. अगदी हळू म्हणाले, "सर, हलू नका. सुई काढतोय. आज औषध देत नाही."

डाय थांबला नाही. क्षणात वाहून गेला. सुईचे टोक रक्तवाहिनीत होते. पडद्यावर सुई दिसते, रक्तवाहिनी दिसत नाही. ती असल्याचे एवढ्यावरूनच कळते. औषध तेथे गेले असते तर मेंदूपर्यंत जाऊ शकले असते.

मी विचारले, "आणि पडदा नसता तर?"

एप्रनचे बंद सोडता सोडता म्हणाले, "जागा बरोबर वाटत होती. दिलं असतं."

२७ जानेवारी

अन्न जात नाही. ज्यांनी मालतीला सुई दिली त्यांनाही जागा बरोबरच वाटली असेल. मी बाहेर बाकावर होतो. आत कोणी थांबून पाहिले असते तर

पुढे लिहवत नाही.

४ फेब्रुवारी

सुधा सासरहून पुन्हा आली. मी तांब्या उचलून पाहिला. दोन्ही हात लावावे लागले. गुरुजी येऊन साहित्य सांगून गेले.

११ फेब्रुवारी

डॉ.नी उद्या सकाळी बोलाविले आहे. सुई या वेळी थोडी मागून घालणार. तिथीपूर्वी हात सुधारावयाचा तर यापुढे दिवस नाही.

जेवताना सुधाला विचारले, दुसऱ्यांदाही डाय वाहून गेला तर?

"तर परत थांबतील, बाबा."

"तुझ्या आईच्या वेळी कोणी थांबलं नाही."

हे वाक्य या घरात वर्षभर कोणी उच्चारले नव्हते. तिने भात वाढला, आणि पाठ करून म्हणाली, "उद्या मी बाहेर बाकावर बसणार नाही. आत घ्या म्हणून सांगणार आहे. तुम्ही येताय की नाही, तेवढं सांगा."

मी अद्याप सांगितलेले नाही.