बिल्ला तुझ्याकडे आहे

कसबा बावडा,
९ मार्च १९७३

प्रिय शालू,

पत्र फाडलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. तुझा पत्ता आजऱ्याच्या आत्याने दिला. कारखान्याचा हंगाम सरत आलाय. सुट्टीच्या दुपारी उसाच्या मळीचा गोडसर वास घरात भरतो, माझा डोळा लागतो आणि अंगणात तुझ्या सायकलची घंटा वाजते. उठून बघतो, तर कुणी नसतं.

मी ठरवलेलं लग्न मोडून तू गारगोटीला शिक्षिका व्हायला निघालीस आणि सायकल एसटीजवळच्या त्या खाजगी स्टँडवर लावलीस. मला कुठलं माहीत! पाच महिन्यांनी मडगार्डवरचं माझं नाव बघून मालकाने कार्ड धाडलं, बिल्ला दाखवा, पंधरा रुपये भाडं भरा आणि सायकल न्या. माझं डोकं तुला ठाऊक आहेच. सायकल मी लावली नाही, बिल्ला माझ्याकडे नाही, मग भाडं कसलं? गेलो थेट कोर्टात. वकिलाने भाड्याच्या तिप्पट घेतले, ते आईला सांगू नकोस.

न्यायाधीशांनी विचारलं, सायकल लावली कोणी? शालू, गावभर सांगत आलो होतो, पोरगी आत्याकडे आहे म्हणून. शेवटी भरल्या कोर्टात बोललो, माझ्या पोरीनं लावली, माझ्यावर रुसून गेली ती.

मग स्टँडचा राखणदार दस्तगीर साक्षीला आला. म्हणाला, "पोरगी चौथ्या दिशी परत आलती की, सायेब. सीटवर हात ठिवून दुपारपातूर हुबी हुती. चाकात हवा भरली आन् सायकल न न्हेताच गेली."

ती दुपार तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घर जवळ होतं, तरी तू वळली नाहीस. कारण मीच बजावलं होतं, गेलीस तर परत उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. मी चुकलो, पोरी.

निकाल माझ्या बाजूने लागला. मडगार्डवर नाव असून मालकाने वेळेत कळवलं नाही, म्हणून भाडं माफ. पण सायकल मी घरी आणलेली नाही. रोज कारखाना सुटला की तिथे जातो, दहा पैसे भरतो, सायकल पुसतो. मालक हसतो, हसू दे. दस्तगीरला सांगून ठेवलंय, बिल्ल्याशिवाय ती कुणाला द्यायची नाही, मलासुद्धा नाही. चाकांत हवा भरलेली आहे. सायकल घरी तूच आण.

तुझी वाट बघणारा, तुझाच
आबा