गाडीचं बनियन मी फेकलंय

बाबा,

चहा झाला की गॅलरीतून खाली बघा. नीट ऊन आल्यावरच बघा. ती चकाकणारी काळी गाडी शेजाऱ्यांची नाही, आपलीच आहे!

काल तुम्ही आत्याकडून आलात तेव्हा अंधार होता, म्हणून मुद्दाम गप्प बसले. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

‘रंगच म्हातारा झालाय’ म्हणत होतात ना? रंग ठणठणीत आहे. उन्हात रंगावर जे बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसायचं, ते तुमच्या जुन्या बनियनचं काम. आई गेल्यापासून गाडी चालवत नाही, पण रोज सकाळी धुळीवरून ते कोरडं बनियन गोल गोल फिरवता. त्या धुळीनेच रंग खरवडला. मैत्रिणीचं पॉलिशचं मशीन आणून मी सगळे ओरखडे काढले. खांदे भरून आलेत, पण बॉनेटमध्ये माझे दात दिसतात!

आता नियम माझे. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची. एका बादलीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. हात सरळ फिरवायचा, गोल नाही. बनियन शोधू नका, कचऱ्याच्या गाडीतून गेलं.

मी आज स्कूटर न नेता बसने गेलेय. गाडीची किल्ली साखरेच्या डब्यावर आहे. सहाला ऑफिसच्या दारात मला घ्यायला या. पुढे, आईच्या जागेवर, मी बसणार आहे. कुरकुर चालणार नाही.

तुमची कार्टी