बावर्चीचे कान

मला का मारलंत, ते आधी सांगा अब्बा. बाकीचं नंतर. तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं होतील, आणि मी अजून त्या एका थपडेशी भांडतोय. आज तर लईच. पत्र्याची ट्रंक घराच्या मधोमध उघडी पडलीय, अम्मी तिच्यात शेंगाचटणीचा डबा कोंबते, मी काढतो, ती परत कोंबते. "बोटीवर काय कच्चे मासे खाणार काय?" म्हणते. संध्याकाळच्या गाडीनं मुंबई, परवा बोट. चादरीवाले शेटजी स्पेनला माल दाखवायला निघालेत आणि त्यांच्याबरोबर मी. बावर्चीच्या पोराला ती भाषा येते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. येत होती. आता गंजलीय. महिनाभर इंग्रजीतून शिकवणारं एक जुनं पुस्तक घेऊन बसलोय, आणि ते मला सांगतंय की काकूची छत्री बागेत आहे. माझ्या काकूला ना छत्री, ना बाग. कानाला अजून कळतं, पण जिभेवर शिल्लक काय, तर तुमचा बावर्चीखाना. मीठ, विस्तव, गरम, लवकर, उचल. एवढ्यावर माणसानं परमुलखात तोंड कसं उघडायचं?

अजून डोळ्यापुढं येतं, मी लहान, स्टेशनाकडच्या त्या बंगल्यात तुम्ही चुलीपुढं बसलाय आणि मी कांदे सोलतोय. स्पेनहून आलेले पाद्रीबाबा पाव्हण्यांशी त्यांच्या भाषेत बोलताहेत आणि तुम्ही पाठ करून रस्सा ढवळताय, जणू भिंतच. पण तुम्हाला सगळं कळत होतं. वर्षभर त्यांच्या मागं उभं राहून तुम्ही भाषा उचलली होती, आणि चुलीशी हळू आवाजात एकेक शब्द मला दिला होता. पाव्हणा रात्री म्हणायचा, मटण चामड्यासारखं झालंय, लसूण कमी आहे. दुसऱ्या दिवशी तुमचं मटण लोण्यासारखं, लसूण बरोबर. पाद्रीबाबा म्हणायचे, आमच्या बावर्चीला जादू येते. घरी येऊन तुम्ही हसायचात. "बावर्ची के कान बडे, जबान छोटी." हे तुमचं हुन्नर. अर्धं हातात, अर्धं कानात.

आणि मग तो दिवस. पाद्रीबाबा जेवता जेवता पाव्हण्याला म्हणाले, दारातला हा पोरगा हुशार आहे, मुंबईच्या बोर्डिंगात घालावा असं वाटतं, पण बावर्ची त्याला सोडायचा नाही. आणि मी दारातून मोठ्यानं त्यांच्याच भाषेत म्हणालो, मी जातो! मग दोघंही खो खो हसले, "अरे, याला येतं की!" आणि हसता हसता त्यांची नजर तुमच्याकडं वळली. तुमच्या हातातला पळा तसाच राहिला. मागच्या अंगणात तुम्ही मला एकच ठेवून दिली, आणि माझी मान धरून खाली दाबलीत. "समझा तो भी नै समझा बोलके रैना. मुंडी नीचे!"

त्यानंतर बंगल्यात तुमच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला समजतं म्हटल्यावर सगळे भले झाले. मटण करपलं तरी वाहवा. लसूण किती, मीठ किती, तुम्हाला खरं सांगणारं कुणी उरलं नाही. तुमची चव बिघडत गेली आणि का बिघडतेय ते तुमचं तुम्हालाच कळेना. माझ्याशी ती भाषा तुम्ही परत काढली नाहीत. म्हणून गंजली. माझ्या आळसानं नाही, तुमच्या गप्प बसण्यानं.

गेल्या आठवड्यात मुंबईहून दोन स्पॅनिश व्यापारी शेटजींकडं आले. माझी परीक्षाच. एकानं मला विचारलं, कुठं शिकलास? शब्द न् शब्द कळला. उत्तर ओठावर होतं. आणि अब्बा, माझी मान खाली गेली. तुमचा हात होता तिच्यावर, खरं सांगतो. कॉलेजात भाषणं ठोकणारा, चालीरीती मोडून गोष्टी लिहिणारा मी, बैलासारखा खाली बघत उभा. ते हसले, इंग्रजीत म्हणाले, याला काही येत नाही. मग चादर हातात घेऊन एकमेकांत म्हणाले, माल झकास आहे, पण तोंडावर नाक मुरड, म्हातारा नरमेल.

त्यांना स्टेशनवर सोडून परतताना वाटेत शेटजी तणतणत होते. "नाक कापलंस की माझं! दुसरा बघतो मी." तेव्हा व्यापारी आपसांत काय बोलले ते सगळं मी त्यांना सांगितलं. ते रस्त्यातच थांबले. मला वाटलं, आता खरंच हाकलतात. तर पाठीवर थाप. "अरे लेका, मग तू बोलायचंच न्हाईस की! तितं मागं उभा ऱ्हायाचं, पिशवी धरून. कान घेऊन चल, जीभ हितंच ठेव!"

आणि मी हो म्हणालो. मला तिथल्या लोकांशी भांडायचं होतं, चहाच्या दुकानात बसून त्यांच्या गोष्टी ऐकायच्या, माझ्या सांगायच्या होत्या. महिनाभर काकूची छत्री घोकली ती त्यासाठी. आणि चाललोय कोण म्हणून? तुम्ही म्हणून. मान खाली, पाठ भिंतीसारखी. नाही म्हणालो असतो तर दुसरा गेला असता. तुम्हालाही असंच वाटायचं का? विचारायला तुम्ही नाही, आणि असतात तरी मराठी वाचता येत नव्हतं तुम्हाला.

टांगेवाला बाहेरून ओरडतोय. अम्मीनं डबा शेवटी कोंबलाच. हा कागद तिच्या पाट्याखाली ठेवतो, तिथं कुणी वाचत नाही. एकच राहिलं. त्या दिवशी दारात मी "मी जातो" म्हणालो ना, मला कुठं बोर्डिंगात जायचं नव्हतं. तुमची पाठ होती माझ्याकडं. मलाही येतं, हे तुम्हाला ऐकवायचं होतं, तुम्ही वळून बघावं म्हणून.

काही बोलू नका. मी जातो.