उर्वशीची जागा

४ ऑगस्ट, लाखनी

नाही, मी पळून आली नाही. डायरी वाचून राहिला ना तू, भाऊ, मंग नीट वाच. जवाहरनगरच्या क्वार्टरात बाबा म्हणत, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या पोरीले गेम बनवाले कोण देते. दिला एकानं. नागपूरच्या कंपनीचा, धानाच्या रोवण्याचा, भातलावणीचा गेम. जमला तर पुढचे तीनही माझेच. नाही जमला तर परत क्वार्टर, अन् बाबाचं 'म्हटलं होतं ना'. इथं केशवरावच्या घरी वरची खोली भेटली. हायवेचे ट्रक दिसतात, नेट जोरात चालते. मी लय खूश आहो.

६ ऑगस्ट

दिघोरी गावाले जाऊन फोटो काढले. अकरा बाया वाकून रोवणा लावत होत्या, चिखलात मागं मागं सरकत. मधात एका बाईएवढी जागा रिकामी. दात पडल्यावानी दिसे. मी गेममध्ये तिथं बारावी रंगवली, हिरव्या लुगड्यातली. चेहरा नाही दिला. खेळणारा मागं उभा असते, त्याच्याकडं पाठीच सरकत येतात.

७ ऑगस्ट

केशवरावची बायको धुरपताकाकू चहा घेऊन आली. तिचं माहेर दिघोरी. स्क्रीन पाहून म्हणे, हे कायले भरली? रोवण्यात कोणी मेली तर त्या साली तिची जागा कोणी धरत नाही, कालेजात नाही शिकवलं काय? उर्वशीची जागा होय ते. मागच्या आठवड्यात त्याच बांधीत, धानाच्या वावरात, वीज पडली तिच्यावर. मी म्हटलं, काकू, गेम आहे हा. काकू म्हणे, मंग खेळ.

८ ऑगस्ट

बारावी जास्त लवकर सरकते. कोड तर सगळ्यायले एकच आहे. डिलीट केली. जेवून आली, तर परत ओळीत.

९ ऑगस्ट

गेममधल्या बांधीले मागच्या बाजूनं धुरा टाकला. बांध लागला की सगळ्या थांबतील. अकरा थांबल्या. ती धुऱ्यावर चढली. आता स्क्रीनभर पाठ. लुगडं जळलेलं — हे मी रंगवलं नाही.

१० ऑगस्ट

सकाळी गेम पाठवून दिला, होता तसाच. कंपनीच्या टेकचंद सरचा फोन आला. पास. पुढचे तीन माझे. फक्त विचारे, ओळीत एक जागा रिकामी काहून ठेवली?

उघडून पाहिलं. खरंच अकरा.

मंग ती —

११ ऑगस्ट

जिन्यावर चिखलाची पावलं. टाचा वरच्या पायरीकडं. उलटं चढून राहिली. काकूले हाक मारली. खालूनच म्हणे, जागा तू दिली, आता मी काय सांगू तिले.

दुपार

दारात पाठ. वाकलेली. एक पाऊल मागं. आणखी एक —

कंपनीले सांग, पुढचे गेम कोणालेही द्या. बाबाले सांग, मी — नाही, तू काहीच बोलू नको. खिडकी उघडी आहे, मी चालली. ती हात मागं करून चाचपून राहिली, पलंग, खुर्ची, आता माझा —