रेतीवरून गेलेली होडी

मास्तर, तुम्ही अर्ध्यावर सोडलेली गोष्ट मी माझ्या मुलीला सांगितली आणि तेव्हापासून मला चैन नाही. हिशेबाच्या वहीचं पान यासाठी फाडायचं नाही, म्हणून गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. इथं डिचोलीत दारावरून खनिजाचे ट्रक जातात, देव्हाऱ्यावर लाल धूळ बसते. ती पुसायला उठले, देवाला हात जोडले, पुन्हा येऊन बसले.

शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही पुस्तकं मिटायला सांगायचात. गोष्ट तुम्हीच रचलेली, मोठ्या युद्धातली, तुमच्या लहानपणची. ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झालेला, घरोघर पेज पातळ झालेली, आणि पेडण्यातल्या एका देवळातून नैवेद्याच्या तांदळाचं पोतंच नाहीसं झालेलं. दोन भावंडं चोर शोधायला निघतात. पहाटेच्या ओहोटीला तारी एकटाच, नदीतल्या रेतीवरून सरळ होडी हाकत पलीकडे जाताना त्यांना दिसतो, आणि सगळा गाव त्याच्यावर उठतो. गोष्टीतली बाकी माणसं पुस्तकी मराठी बोलायची, तारी तेवढा आमच्या घरची बोली. वर्ग हसायचा आणि हसताना माझ्याकडे बघायचा, कारण आमच्या धक्क्यावरचा तारी माझा बाप होता.

सोमवारी मुली वाट अडवून विचारायच्या, "तारयाच्या चेडवा, आज तुमची पेज दाट काय गे?" युद्ध संपल्यावर कितीतरी वर्षांनी मी जन्मले, तरी पेज आमचीच दाट! एकदा मधल्या सुट्टीत मी तुमच्या टेबलाशी आले. "मास्तर, तारी चोर न्हय मू?" तुम्ही चष्म्यावरून बघता. "गोष्ट पुरी होईपर्यंत दम धर. नदीकाठी राहतेस आणि नीट ऐकत नाहीस?" डोळ्यांत पाणी घेऊन मी बाकावर परत येते. त्यानंतर तुमच्याशी मी धड बोललेच नाही.

त्या शेवटच्या शनिवारी तारीला देवळात उभं केलंत. भटजींनी देवाच्या मूर्तीला पाण्यानं पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली तर तारी निर्दोष, डावी पडली तर चोर. सगळा गाव श्वास रोखून आहे, असं म्हणालात आणि घंटा झाली. पुढच्या शनिवारी तुम्ही तापानं पडला होतात, ते उठलाच नाहीत. नंतर तुमच्या खुर्चीवर दुसरे मास्तर आले, ते गणितं घालायचे.

मी मॅट्रिक झाले, लग्न होऊन इकडे आले, बाबा गेले, धक्क्याजवळ पूल झाला. मुलीच्या शाळेत आता कोकणी आहे, म्हणून तुमची गोष्ट मी तिला कोकणीत सांगितली. तारीला बोली बदलावी लागली नाही. पाकळ्यांपाशी थांबले तशी ती चवताळली. "मास्तर गेले तर गेले! देवाक विचार मगे."

हसाल तुम्ही. एक नारळ आणि तिला घेऊन मी खरंच देवळात गेले, चोरीचा कौल मागितला. भटजी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "चोरी केन्ना जाली?"

"झुजांत," मी त्या मोठ्या युद्धाचं सांगितलं.

"खंयच्या झुजांत?"

"गोष्टींतल्या."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाये, देवाक हेंच काम उरलां?" पण नारळ समोर होता, मी हात जोडून उभी होते. त्यांनी पाकळ्या लावल्या. "सांग आतां सगळें. देवाकडे अर्दकुटें चलना."

मी सांगू लागले. तांदूळ, भावंडं, पहाट. "आनी होडी ओहोटीक रेतीवयल्यान सरळ..." आणि माझी जीभ थांबली. तुम्ही आमच्या होडीतून शाळेत यायचात. ओहोटीला नदीत रेती वर यायची आणि बाबा लांबून वळसा घ्यायचे. एकदा तुम्ही विचारलंत, "सरळ का नाही नेत?" बाबा वल्हं न थांबवता म्हणाले, "रिती आसली तर जाता मास्तर. भरली काय रुतता." पाटी मांडीवर घेऊन मी तिथेच बसले होते. गोष्टीतली होडी सरळ गेली, म्हणजे रिकामीच होती, पोतं नव्हतंच. एवढी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही माझ्या बापाला वर्गासमोर उभं केलंत. तुम्ही तर त्याचंच वाक्य त्याला सोडवायला ठेवलं होतंत, आणि ते ओळखेल अशी वर्गात मी एकटीच होते.

"राव गो, पाकळी अजून पडूंक ना," मी निघाले तसे भटजी थांबवत म्हणाले. मी नमस्कार केला आणि मुलीचा हात धरून बाहेर आले. वाटेत तिला सगळं सांगितलं. ती खूश झाली, मग चार पावलांवर थबकली. "तारयान न्हय, तर तांदूळ कोणें व्हेले?" मास्तर, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता भात वैरताना, वाती वळताना तोच डोक्यात आहे. पोर रोज विचारते, आणि तुम्ही नाही.

हे पान घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवीन, जायचं तर कुठेच नाही. तुमची खूण कळली, बाबा सुटले, तरी एक सांगते. देवळातून निघताना मी मागे वळून पाहिलं नाही. डावी पडलेली दिसली असती तर?