आत्तापुरतं, की नेहमीसाठी?

४ मार्च

पुन्हा तीच खिडकी! जिन्याचा नकाशा काढायला कॉम्प्युटर लावला आणि फायरवॉलने अडवलं — हा प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊ पाहतोय, जाऊ द्यायचं का? खाली बटणं. आत्तापुरतं. नेहमीसाठी. नको.

सवयीने हाक मारली, "अगं, हे विचारतंय बघ!"

मग 'नको' दाबलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

५ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. नकाशा तसाच.

९ मार्च

फायरवॉल बायकोनेच घातलेली. तिची सगळी नोकरी वीजबिलांच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर झाली. मी जन्मभर कागदावर नकाशे काढणारा, उतारवयात कॉम्प्युटरला लागलो. एका गिऱ्हाइकाच्या फाइलमधून व्हायरस आला आणि केलेलं सगळं काम गेलं, तेव्हा ती म्हणाली, "दाराला कडी लावता ना? मग यालाही लावू." आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करतो म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं — भोचकराव!

खिडकी आली की मी हाक मारायची. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "नाव वाचा." मी अडखळत वाचायचो.

"ओळखीचं वाटतं का?"

"मला काय ठाऊक! तुझ्या माहेरचं असेल."

मग ती यायची. माझ्या खांद्यावरून वाकून 'आत्तापुरतं' दाबायची. हात ओलेच असायचे, माउस ओला व्हायचा. 'नेहमीसाठी' दाबलं असतं तर विषयच मिटला असता. पण म्हणायची, "भरवसा रोजच्या रोज बघून घ्यावा." आलीच आहे तर नकाशाही बघायची. "अहो, या खोलीत वारा येणार कुठून?" बरोबर असायचं तिचं. खोडून पुन्हा काढायचो.

एरवी आम्ही दोघंही कमी बोलणारे.

१४ मार्च

खिडकी आली. 'आत्तापुरतं' दाबलं. आधी हाक मारून झालीच होती.

२२ मार्च

मुलगा आला होता. दारात चपला काढत असतानाच त्याने ऐकलं.

"बाबा, कोणाला हाक मारताय?"

"कोणाला नाही."

 मी दूध आणायला गेलो, येऊन बघतो तर हा माझ्या खुर्चीवर. "नीट करून दिलंय, बाबा. ओळखीच्या प्रोग्रॅमला तो आपणहून सोडेल, अनोळखी दिसला की अडवेल. तुम्हाला काही विचारणार नाही."

"न विचारता?"

"सुरक्षित आहे हो. निश्चिंत राहा."

बरं म्हटलं.

२३ मार्च

नकाशा पुरा झाला. कोणी काही विचारलं नाही.

२८ मार्च

मुलाचा राग आलाय. इथेच लिहितो, तोंडावर बोलणं जमायचं नाही. तिचे कपडे वाटून टाकले, तिचा चष्माही कोणाला तरी दिला. मी ब्र काढला नाही. पण माझ्या टेबलावरचं हे एवढंसं, त्यालाही हात लावायचा? मला न विचारता!

स्वतः पूर्ववत करायला गेलो तर पासवर्ड मागतं. तो मुलाला ठाऊक, मला नाही.

३० मार्च

मुलाला फोन केला. रिंग वाजायच्या आत एकदा ठेवूनही दिला होता. "पूर्वीसारखं करून दे. रविवारी ये."

"अहो, पण त्रास होता ना तो तुम्हाला?"

"मी म्हणालो होतो, त्रास होतो म्हणून?"

 मग म्हणाला, "बघतो."

१ एप्रिल

मुलाचा फोन.  पासवर्ड त्याला आईनेच दिला होता, हॉस्पिटलात. म्हणाली होती, "मी आहे तोवर विचारू दे भोचकरावाला. तेवढ्या निमित्ताने मला हाक तरी मारतात. माझ्यामागे मात्र बंद कर, आठवणीने. नाहीतर हाका मारत बसतील."

रविवारी ये म्हटलं. नुसता जेवायला.