खाली बसवलेली गाडी

आण्णा, तुमच्या नातवाने गाडी खाली बसवून घेतली आहे. खाली बसवली म्हणजे काही मोडलंबिडलं नाही, मुद्दाम, हौसेने केलंय. कंपनीच्या स्प्रिंगा आणि शॉकअप काढायचे, त्या जागी आखूड घालायचे, की गाडी जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी दिसते. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. पण हे ऐकून तुम्ही आधी मान हलवली असती आणि मग गाडीखाली वाकून बघायला गेला असतात, एवढं मला नक्की ठाऊक आहे. गाडी दिसली की तुम्हाला तिच्या पोटाखालचं बघितल्याशिवाय चैन पडत नसे. कळवण ते नांदुरी, नांदुरी ते कळवण अशी ती जीप तुम्ही इतकी वर्षं हाकलीत, आणि उभी असली की तिच्याखालीच. माय म्हणायची, जेवायला हाक मारायची तर आधी चपला कुठल्या बाजूने बाहेर आल्यात ते बघावं लागतं.

आमची गाडी साधी आहे, पांढरी, लहान, दुसऱ्याकडून घेतलेली. पोराला नोकरी लागली आणि पहिलं काय केलं, तर पाथर्डी फाट्याजवळच्या एका गॅरेजात जाऊन हे ठरवून आला. गॅरेजवाला बरा माणूस निघाला. स्प्रिंग कापून द्या म्हणणाऱ्यांना तो दारातूनच परत पाठवतो. कापलेली स्प्रिंग कधी जागा सोडेल सांगता येत नाही, म्हणतो. त्याने रीतसर आखूड स्प्रिंगा मागवल्या आणि पोराला एवढंच सांगितलं, की दिसायला छान होईल, वळणावर छान होईल, बाकी ठिकाणी शिव्या खाशील. त्या शिव्या पहिल्या आठवड्यात मीच दिल्या. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे, कुणीतरी रागाच्या भरात घातल्यासारखा. त्यावरून गाडी सरळ जाईना. आधी एक चाक, मग दुसरं, असं तिरकं तिरकं चढवायचं, तरी पोटाखाली खर्रकन आवाज यायचाच. मागचे लोक हॉर्न मारायचे. चौघं बसलो की मागचं टायर मडगार्डला घासायचं. रस्त्यावर खडा असला तरी तो पाठीच्या मणक्याला कळायचा. सकाळी तो ओट्याशी उभा राहून पोहे खात होता, तेव्हा मी म्हटलं, "गाडी माणसं न्यायला असते, रस्ता झाडायला नाही." तो म्हणाला, "आई, तू एकदा घाटात बसून बघ, मग बोल." आणि ताटली तशीच ठेवून कामावर गेला. मला वाईट वाटलं. त्याने स्वतःच्या मनाने केलेली ती पहिलीच गोष्ट होती, आणि मी त्याच्या पोह्यांसकट तिच्यावर पाणी फिरवलं होतं.

त्याच सुमाराला माय आमच्याकडे होती. तिचा उजवा गुडघा बदलून घेतला आम्ही, इथेच नाशकात. तुम्ही गेल्यावर ती मळ्यात धाकट्याकडे राहते, पण ऑपरेशन म्हणून आमच्याकडे आणली होती. काठी धरून घरातल्या घरात चालायला लागली आणि लगेच मळ्याची आठवण काढायला लागली. डॉक्टर जा म्हणाले, पण धक्के बसू देऊ नका म्हणाले. मी भाड्याची मोठी गाडी सांगायच्या विचारात होते. पोराच्या कानावर ते गेलं. त्याचा चेहरा उतरला. मायच्या लक्षात आलं. डोळे अधू झालेत तिचे, पण असल्या गोष्टी तिला अजून लांबून दिसतात. म्हणाली, "मी नातवाच्याच गाडीत जाईन. मोठ्या गाडीत चढायला मला शिडी लागती. तुझ्या बापाच्या जीपमधी काय कमी चढले व्हय मी, गुडघे त्यातच गेले."

तर निघालो. सीट खाली असल्यामुळे माय पाठ टेकवून सहज बसली, पाय मात्र आम्ही दोघांनी उचलून आत घेतले. खाली गोधडीची घडी, गुडघ्याखाली उशी. दिंडोरी रस्त्याला लागेपर्यंत पोरगा इतकी हळू चालवत होता की एक सायकलवाला पुढे गेला. मोकळा रस्ता लागला तसा त्याने वेग घेतला, आणि खरं सांगते, गाडी रस्त्याला चिकटून चालली. माय झोपलीसुद्धा. वणीच्या पुढे वळणं सुरू झाली. मला गाडी लागते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याच जीपमध्ये तुमच्या शेजारी बसून मी किती वेळा उलट्या केल्यात. तुम्ही डॅशबोर्डवर लिंबू ठेवायचात, नख लावून माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "लांब बघ, डोंगराकडं बघ." त्या वळणांना मी तोंडाशी पदर धरून बसले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी कलंडल्यासारखी होते, पोट एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला जातो, ते काहीच होईना. नांदुरी आली तेव्हा मी पदर कधी सोडला होता ते मला कळलंही नव्हतं. पोरगा आरशातून बघत होता. मी म्हटलं, "काय बघतोस, समोर बघ." तो हसला. म्हणाला, "उंची कमी झाली ना, की झोल कमी होतो." मी म्हटलं, "कळलं."

पण मळ्याच्या फाट्यावर आपला रस्ता तसाच आहे, आण्णा. डांबर फाट्यापर्यंत आलं आणि थांबलं. पुढे मळ्यापर्यंत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि मध्ये म्हशीच्या पाठीसारखा उंचवटा. उन्हाळ कांदा निघाला होता, दिवसभर ट्रॉल्या जाऊन जाऊन चाकोऱ्या आणखी खोल झालेल्या. मी उतरले. गाडी तेवढीच हलकी होईल, म्हणून पुढे चालत पोराला हाताने खुणा करत राहिले. एक चाक उंचवट्यावर, एक बांधाच्या कडेने, असं त्याने थोडं अंतर काढलं. मग खालून असा आवाज आला की रस्त्यात बसलेलं कुत्रंसुद्धा उठलं. आतून माय म्हणाली, "आई गं." एवढंच. ती कधी कण्हत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पोराने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. "आजी, लागलं का?" ती म्हणाली, "नाय रे, चल तू, आलंच घर." घर अजून दिसतही नव्हतं. मी काचेतून त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला तसंच पुढे नेता आलं असतं, घासत घासत का होईना. मामासमोर, मळ्यातल्या माणसांसमोर गाडी दारात नेऊन उभी करायची होती त्याला, सकाळी धुऊन पुसून काढली होती. तो खाली उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी ह्यातून आजीला पुढे नेणार नाही. मामाला फोन करतो." मला त्या क्षणी तो फार आवडला, आण्णा. गाडी मागे घेऊन फाट्यावर चहाच्या टपरीशी लावली, आणि आम्ही वाट बघत बसलो.

धाकटा कांद्याचा पिकअप घेऊन आला. आता ह्याची दुसरी तऱ्हा. सीट इतकी उंच की मायला चढवायचं कसं? टपरीवाल्याने प्लास्टिकची खुर्ची दिली, तिच्यावर मायला बसवून दोघांनी खुर्चीसकट उचललं आणि वरच्यावर आत सरकवलं. पोरगा म्हणाला, "चल मामा, हळू घे." तर माय म्हणाली, "थांबा. मागं काय हाय?" धाकटा म्हणाला, "काही नाही, रिकामी आहे." माय म्हणाली, "मग मी नाय यायची. रिकामी उधळती ही. आधी माल टाका." पोराला वाटलं आजीला भ्रम झाला. तिने त्याला खिडकीशी बोलावून घेतलं आणि सांगायला लागली. मी ती गोष्ट तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, कारण ती घडली तेव्हा माय घरी होती आणि मी तुमच्याजवळ, जीपमध्ये.

जीपच्या मागच्या कमानींत, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांत, तुम्ही एकेक जास्तीचा पाटा घालून घेतला होता. भरपूर माणसं बसली तरी मागून बसायची नाही. पण रिकामी असली की तीच जीप खोंडासारखी उडायची. त्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून एक माणूस धावत आला. त्याच्या बायकोला कळा लागल्या होत्या आणि मूल आडवं होतं. तुम्ही मला पुढे बसवून जीप काढलीत, बाईला आणि तिच्या सासूला मागे घेतलंत. गावाच्या पारापर्यंत येताना दोन खड्डे लागले आणि ती बाई अशी ओरडली की तुम्ही ब्रेकच दाबलात. पारावर माणसं बसली होती. एक जण न्हाव्यापुढे, अर्धी दाढी झालेली. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "कोण रिकामं हाय? बसा जीपमधी." कुणीतरी विचारलं, "कुठं जायचं?" तुम्ही म्हणालात, "कुठं नाय. नुसतं बसायचं. वजन पायजे." आणि ते बसले, आण्णा. कुणी बाईकडे तोंड केलं नाही, मागच्या दाराशी, फूटबोर्डवर, पाठ करून बसले. अर्ध्या दाढीवालासुद्धा तसाच, गळ्याभोवती फडकं. जीप खाली बसली आणि मऊ चालायला लागली. मी जागा व्हावी म्हणून उतरायला लागले तर तुम्ही माझ्यावर ओरडलात, "उतरू नको! तुझंबी लागतंय." एरवी सगळे मला काडी म्हणायचे. मी कळवणच्या दवाखान्यापर्यंत दोन्ही हातांनी सीट खाली दाबत बसले होते. मुलगी झाली, बाई वाचली. परत येताना ती सगळी माणसं गाणी म्हणत होती आणि तुम्ही कुणालाच गप्प केलं नाहीत.

माय हे सांगत होती आणि पोरगा खिडकीला धरून उभा होता. मग त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. शेजारच्या शेतात कांद्याच्या गोण्या भरून ठेवल्या होत्या, त्या मालकाला विचारून मामा-भाचे आणि टपरीवरची दोन माणसं अशा चौघांनी त्या पिकअपमध्ये टाकल्या. नाहीतरी त्या दुसऱ्या दिवशी लासलगावच्या बाजारात जायच्याच होत्या, आज आपल्या मळ्यात, उद्या तिथून पुढे. पोरगा आणि मी मागे गोण्यांवर बसलो. पिकअप खाली बसला. त्या चाकोऱ्यांतून आम्ही असे गेलो की माय वाटेत धाकट्याच्या बायकोने काय रांधलं असेल याची चौकशी करत होती. पोराच्या हाताला, केसांना कांद्याची साल लागली होती. तो म्हणाला, "आई, आण्णा काय मस्त माणूस होते." मी म्हटलं, "हो. तापट होते." तो म्हणाला, "असणारच."

त्यानंतर त्याने गाडी पुन्हा गॅरेजात नेली. मला वाटलं जुन्या स्प्रिंगा घालून आणणार. तसं केलं नाही. गॅरेजवाल्याशी बसून हुज्जत घातली आणि मधल्या उंचीच्या घालून घेतल्या, टायर थोडं फुगीर घेतलं, इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली जाड पत्रा लावला. चाक आणि मडगार्डच्या मध्ये पूर्वी हाताची चार बोटं मावायची, मग जेमतेम एक मावायला लागलं, आता दोन-अडीच मावतात. त्याचे मित्र म्हणाले, मजा गेली. तो म्हणाला, मजा तशीच आहे, आवाज गेला. स्पीडब्रेकरवर अजून तिरकं जावं लागतं. खडा अजून पाठीला कळतो, पण आता तो आपल्याला शिव्या देत नाही. वळणांवर गाडी अजून रस्ता सोडत नाही. आणि तिकडे धाकट्याने काय केलं, तर कांदा संपल्यावर ट्रॉलीभर मुरूम आणून उंचवट्याच्या दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या भरून घेतल्या. फोनवर म्हणाला, माझ्या ट्रॅक्टरसाठीच केलंय. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा गाडी थेट दारात गेली. माय काठीशिवाय ओटीवरून उतरून आली, गाडीभोवती फिरली, बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "आता झाली माणसाळलेली."

मी चांगली आहे, आण्णा. शाळेच्या कार्यालयात काम आहे, माणसं बरी आहेत. पोरगा जेवताना मोबाइल बघतो, पण विचारलं तर उत्तर देतो. हे मी मोबाइलवरच लिहितेय, आणि लिहून झालं की असंच राहील. तुमचा नंबर कधी नव्हताच. तुमच्या माघारी मी गाडी चालवायला शिकले, हे सांगायचं राहिलं. पावसात कामावर नेते, एरवी पोराचीच असते. आज रविवार आहे, तो अजून झोपलाय. काल संध्याकाळी मी त्याच्याकडून चावी मागून घेतली, सकाळी भाजी आणायची आहे म्हणून. त्र्यंबक रस्त्याला पुढे छान वळणं आहेत, ह्या वेळेला रस्ता मोकळा असतो. भाजी घरात आहे.